नवोदय, शिष्यवृत्ती, सैनिकी शाळा : निकालावर दाद मागायची तर

मे महिन्यात सोलापुरात दुपारी एक ते चार सहसा कुणी घराबाहेर पडत नाही. त्या वेळी दारात कुणी आलं, की निकाल लागलाय हे मी ओळखते. गेल्या वर्षी असेच एक वडील आले. अक्कलकोट रस्त्यावरच्या टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करतात. रात्रपाळी करून न झोपता तसेच आले होते. हातात मुलाची प्रश्नपत्रिका आणि वहीच्या पानावर केलेली बेरीज. म्हणाले, "बाई, पोराचे छत्तीस मार्क कमी धरलेत. अपील कुठं करायचं तेवढं सांगा की."

मी दक्षिण सोलापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चौदा वर्षं झाली. दरवर्षी माझ्या वर्गातली पंधरा-वीस मुलं शिष्यवृत्तीला बसतात, त्यातली काही केंद्राच्या निवासी नवोदय विद्यालयाच्या परीक्षेला, एखाददुसरं सैनिक स्कूलच्या परीक्षेलाही. माझी स्वतःची मुलगीही यातून गेली आहे. त्यामुळे त्या वडिलांचा जीव का तुटत होता, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण त्यांना जे सांगितलं ते आणखी चार पालकांना वेळेत कळावं, म्हणून हे लिहिते.

सगळ्या परीक्षांसाठी मिळून अपील करायचं असं एक ऑफिस कुठेही नाही. शिष्यवृत्ती परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. नवोदयची निवड चाचणी नवोदय विद्यालय समिती घेते, तिचं मुख्यालय नोएडात आणि आपल्यासाठी विभागीय कार्यालय पुण्यात. सैनिक स्कूलची प्रवेश परीक्षा राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजे एनटीए घेते. तिघांचे नियम वेगळे, मुदती वेगळ्या. आणि तिन्हीकडे दाद मागण्याच्या बहुतेक संधी निकाल लागायच्या आधीच येऊन जातात. पालक जागे होतात निकालानंतर. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीपाशी येतं.

आधी शिष्यवृत्तीचं बघू, कारण तिथेच खऱ्या अर्थाने काही करता येतं. शासकीय विद्यानिकेतन, म्हणजे सरकारी निवासी शाळा, तिथल्या प्रवेशाची वाटही याच परीक्षेतून जाते, म्हणून सातारा जिल्ह्यातल्या पुसेगावच्या विद्यानिकेतनाची स्वप्नं बघणाऱ्या घरांना एकेक गुण महत्त्वाचा असतो. २०१६-१७ पासून ही परीक्षा पाचवी आणि आठवीला होती, आता ती परत चौथी आणि सातवीकडे नेली आहे. पद्धत तीच. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, एका पेपरला ७५ प्रश्न, दोन पेपर मिळून ३०० गुण.

परीक्षा झाल्यावर परिषद आपल्या संकेतस्थळावर अंतरिम उत्तरसूची टाकते. अंतरिम म्हणजे अजून पक्की न झालेली. तिच्यावर ठरावीक दिवसांत आक्षेप घेता येतो, पालकांना संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावरून, शाळांना त्यांच्या लॉगिनमधून. फक्त ऑनलाइन. पोस्टाने पाठवलेलं पत्र इथे कामाला येत नाही. आलेले आक्षेप विषयाचे जाणकार तपासतात आणि मग अंतिम उत्तरसूची लागते. ती लागली की त्या प्रश्नावर बोलायची वेळ संपली.

आक्षेप कसा लिहायचा यावर मी जरा थांबते, कारण इथे पालक फार घाई करतात. समजा प्रश्न आहे, गटात न बसणारी संख्या ओळखा : ८, २७, ६४, १००. सूचीत उत्तर १००, कारण बाकीच्या तिन्ही घनसंख्या आहेत. एक आई मला म्हणाली, माझ्या मुलाने २७ लिहिलं, तीच एक विषम आहे, मग त्याचं का चूक? तिचं म्हणणं वेडंवाकडं नाही. पण बुद्धिमत्तेच्या प्रश्नात जास्त नेमका नियम धरतात, आणि "असंही होऊ शकतं" एवढ्यावर आक्षेप टिकलेला मी पाहिलेला नाही. आता दुसरा प्रश्न समजा. आयताची परिमिती ३६ सेंमी, लांबी रुंदीच्या दुप्पट, तर क्षेत्रफळ किती? रुंदी ६, लांबी १२, क्षेत्रफळ ७२. आणि पर्यायांत ७२ नाहीच. हा आक्षेप चार ओळींत मांडता येतो. पेपर, संच, प्रश्न क्रमांक, सूचीतलं उत्तर, आपलं उत्तर आणि ते कसं आलं हे पायरीपायरीने. भाषेचा प्रश्न असेल तर बालभारतीच्या पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक द्यायचा. शाळेत व्याकरणाची जुनी पुस्तकं असतात, तीही चालतात. मुलाने किती मेहनत घेतली, क्लासची फी किती भरली हे आक्षेपात लिहू नये. ते खरं असतं, पण तपासणाऱ्यासमोर फक्त प्रश्न असतो.

त्यानंतर अंतरिम निकाल लागतो आणि गुणपडताळणीची मुदत सुरू होते. गुणपडताळणीचा अर्ज पालकाला परस्पर करता येत नाही, तो शाळेच्या लॉगिनमधून जातो. प्रत्येक पेपरला शुल्क असतं. माझ्या पाहण्यात ते ५० रुपये राहिलं आहे, तरी त्या वर्षीचं परिपत्रक वाचूनच भरा. मुलाच्या किंवा आईवडिलांच्या नावात, आडनावात चूक असेल तर तीही याच दिवसांत शाळेकडून दुरुस्त करून घ्यायची. पुढे प्रमाणपत्रावर तेच नाव छापून येतं.

खरी अडचण वेगळीच येते. हा काळ बहुतेक वेळा उन्हाळ्याच्या सुट्टीला लागून असतो. १ मेला झेंडावंदन झालं की शाळेला कुलूप. मुख्याध्यापक गावी, लॉगिनचा पासवर्ड त्यांच्याकडे, आणि ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर. माझ्या ओळखीच्या एका शाळेत मुख्याध्यापकांची बदली झाली होती आणि लॉगिनला जुन्याच सरांचा नंबर होता. त्या गडबडीत दोन मुलांची मुदत हुकली. म्हणून एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातच वर्गशिक्षकांना विचारून ठेवा, "सर, सुट्टीत निकाल लागला तर लॉगिन कोण उघडणार?" विचारायला संकोच करू नका. आम्हा शिक्षकांनाही त्याने आठवण होते.

आता त्या छत्तीस गुणांकडे येते. पेपर एकची त्यांची बेरीज निकालाशी बरोबर जुळत होती, ११६. पेपर दोनमध्ये घरची बेरीज १०४ आणि निकालात ६८. मी प्रश्नपत्रिकेचं पहिलं पान बघितलं. मुलाला सी संच आला होता. वडिलांनी मोबाइलवर जी उत्तरसूची उघडली ती ए संचाची. पेपर एकला मुलाचा संच ए असल्यामुळे तिथे सगळं जुळलं, आणि म्हणूनच त्यांचा संशय पक्का झाला होता. सगळ्या संचांत प्रश्न तेच असतात, क्रम बदललेला असतो. आम्ही ओट्यावर बसून सी संचाची सूची लावून परत मोजलं. ७० आले. उरलेल्या दोन गुणांचं मुलालाच विचारलं. तो म्हणाला, एका प्रश्नाला आधी एक गोल रंगवला, मग दुसरा. एकच उत्तर मागणाऱ्या प्रश्नाला दोन गोल रंगवले की तिथे गुण मिळत नाही. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. पडताळणीचे पैसे आम्ही भरले नाहीत.

म्हणून पडताळणीचा विचार करण्याआधी घरी हे करा. दोन्ही पेपरच्या मुखपृष्ठावरचा संच वेगवेगळा बघा. अंतिम उत्तरसूची लागली असेल तर तीच घ्या, अंतरिम नको. मुलाने प्रश्नपत्रिकेवर खूण केली तेच उत्तरपत्रिकेत रंगवलं होतं का, हे त्याला न रागावता विचारा. रागावलात तर मूल तुम्हाला हवं ते सांगेल आणि तुमची बेरीज चुकेल. एवढं करून दोन-चार गुणांचा फरक राहिला तर तो बहुधा गोलांचा असतो. पंधरा-वीसचा फरक राहिला, किंवा एखाद्या विषयात शून्य, किंवा "गैरहजर" असं आलं, तर एक दिवसही न दवडता शाळा गाठा.

नवोदयचं सगळंच वेगळं. आपल्या जिल्ह्याचं नवोदय मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे. सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या मुलांना. परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. निकालात निवड झाली की नाही एवढंच दिसतं, आणि फेरमोजणी किंवा पुनर्तपासणीची सोय नाही. मुलाला ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, पुढच्या वर्षी परत बसवता येत नाही. हे सगळं पालकांना फार कठोर वाटतं, मलाही वाटलं होतं.

पण दुरुस्तीची एक संधी असते आणि ती परीक्षेच्या आधी येते. अर्जाची मुदत संपल्यावर थोडे दिवस अर्जातली काही माहिती बदलता येते : लिंग, प्रवर्ग, ग्रामीण की शहरी, दिव्यांगत्व आणि परीक्षेचं माध्यम. एवढ्याच गोष्टी. माझ्या मुलीचा अर्ज आम्ही बाहेर एका दुकानात भरून घेतला. भरणाऱ्याने आधारवरचा विजापूर रस्त्याचा पत्ता बघितला आणि "शहरी" करून टाकलं. घरी येऊन जेवण झाल्यावर मी प्रिंट वाचत होते तेव्हा ते दिसलं. नवोदयच्या नियमात ग्रामीण-शहरी ठरतं ते मूल तिसरी, चौथी आणि पाचवी कुठे शिकलं यावरून. माझी मुलगी पहिलीपासून माझ्याबरोबर बसने माझ्याच शाळेत येत होती, म्हणजे ती ग्रामीण. तसंच उलटही असतं. त्या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरातल्या शाळेत नाव असेल तर मूल शहरी धरतात. सोलापूरला लागून असलेल्या गावांत मुलं अधूनमधून शहरात शाळा बदलतात, त्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. दुरुस्तीच्या पहिल्याच दिवशी आम्ही ते बदललं. नाही बदललं असतं तर तिची स्पर्धा वेगळ्याच रांगेत झाली असती, आणि निकालानंतर कुणीही काही करू शकलं नसतं.

प्रवर्गाचंही तसंच. नवोदयला केंद्राची ओबीसी यादी लागते. राज्याच्या यादीत असलेली जात केंद्राच्या यादीत असेलच असं नाही, आणि राज्याचा एसईबीसी, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिक मागास, प्रवर्ग केंद्राकडे नाही. त्यामुळे निवड होऊनही कागदपत्रांच्या वेळी घरं अडचणीत येतात. केंद्राच्या नमुन्यातला दाखला तहसीलमधून काढायला वेळ लागतो, तो निकालाची वाट न बघता काढून ठेवा.

माझ्या मुलीची नवोदयची परीक्षा १८ जानेवारी २०२५ ला झाली. त्या दिवसांत होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरलेला. पाळण्यात बसायचं तिने स्वतःच परीक्षेनंतरवर ढकललं होतं. मार्चअखेरीस निकाल लागला, तिचं नाव नव्हतं. ती दोन दिवस नीट जेवली नाही. शेंगाचटणी आणि दही-भाकरी तिच्या आवडीची, तीही तशीच ताटात राहिली. मी शिक्षिका असून मला तिच्याशी काय बोलावं ते सुचेना. शेवटी तिला म्हटलं, तुझी उत्तरपत्रिका मागवून बघूया का? ती हो म्हणाली.

ही वाट सगळ्यांना खुली आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ ला सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात सांगितलं, की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकारातली "माहिती" आहे आणि परीक्षार्थीला ती बघण्याचा हक्क आहे. नवोदय केंद्राची संस्था, म्हणून अर्ज केंद्राच्या माहिती अधिकाराच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येतो. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या घरांना माफ. राज्य परीक्षा परिषदेसाठी साध्या कागदावर अर्ज आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. मूल अल्पवयीन असल्यामुळे अर्ज आईने किंवा वडिलांनी स्वतःच्या नावाने करायचा, आणि नातं दाखवणारा कागद, प्रवेशपत्राची प्रत जोडायची. मागणी नेमकी ठेवा (ओएमआर म्हणजे गोल रंगवायची उत्तरपत्रिका) : "अमुक बैठक क्रमांकाच्या ओएमआर उत्तरपत्रिकेची प्रत, मिळालेले गुण आणि त्या संचाची अंतिम उत्तरसूची." "माझ्या मुलीची निवड का झाली नाही?" असं विचारलंत तर ते कारण विचारणं झालं, आणि तेवढ्यावर अर्ज परत येतो. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. माहितीचा अर्ज केला म्हणून प्रवेशाची प्रक्रिया थांबत नाही, हे मनाशी धरूनच करा.

नवोदयची प्रतीक्षा यादीही असते. निवड झालेली काही मुलं जात नाहीत, कागदपत्रांत काही बाद होतात, मग पुढच्या याद्या लागतात. अर्जात दिलेला मोबाइल नंबर तेवढे महिने चालू ठेवा, रिचार्ज संपू देऊ नका. आणि प्रवेश पक्का होईपर्यंत जुन्या शाळेतून दाखला काढू नका. याच दिवसांत "यादीत नाव घालून देतो" असे फोन येतात. आमच्या तालुक्यातल्या एका घराने चाळीस हजार दिले आणि तो नंबर नंतर कधीच लागला नाही. कुणीही पैसे घेऊन नाव घालू शकत नाही. शंका आली तर सरळ पोखरापूरला जाऊन विचारून या, मोहोळहून जवळ आहे.

साताऱ्याच्या सैनिक स्कूलबद्दल थोडक्यात. देशातलं हे पहिलं सैनिक स्कूल, १९६१ चं, त्यामुळे आपल्याकडची ओढ तिकडेच. सहावीची परीक्षा ३०० गुणांची असते. एनटीए परीक्षेनंतर मुलाच्या ओएमआरची स्कॅन प्रत आणि तात्पुरती उत्तरसूची लॉगिनमध्ये दाखवते. आव्हान द्यायचं ते तेव्हाच, प्रत्येक प्रश्नामागे शुल्क भरून, आणि ते परत मिळत नाही. ही मुदत दोन-तीन दिवसांची असते. निकालानंतर फेरतपासणी नाही. म्हणून परीक्षेनंतर महिनाभर रोज संध्याकाळी एकदा संकेतस्थळ बघायची सवय ठेवा. मेसेज येईल या भरवशावर राहू नका.

कोर्टाचं विचारणारेही असतात. मी वकील नाही, पण दोन गोष्टी ठामपणे सांगते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्यात येतो. आणि मुलांना, स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, ते जिल्हा न्यायालयातच बसतात. आधी त्यांना कागद दाखवा. एका-दोन गुणांसाठी जाऊ नका. नियम डावलल्याचा कागद हातात असेल तर जरूर जा.

माझ्या मुलीची उत्तरपत्रिका आली. गणितात तिने एक प्रश्न सोडला होता आणि तिथून पुढची पाच उत्तरं एक ओळ वर रंगवली होती. तपासणी बरोबर होती. तिने ती प्रत स्वतः तपासली, लाल पेनाने, आणि मग फाइलमध्ये लावून ठेवली. आता ती सातवीत आहे, नववीच्या नवोदय प्रवेशाची चाचणी असते ती आठवीत देईन म्हणते.

यंदा माझ्याकडे एका आजीचं प्रकरण आहे. आजी विडीकामगार, नात माझ्या वर्गातली. शिष्यवृत्तीच्या निकालात पेपर दोनसमोर "गैरहजर". मुलगी दोन्ही पेपरला बसली होती, मी स्वतः तिला केंद्रावर सोडलं होतं. पडताळणीचा अर्ज शाळेच्या लॉगिनमधून गेला आहे. त्याशिवाय मी आजीच्या नावाने एक पत्र लिहिलं आहे, ते इथे देते, कुणाच्या उपयोगी पडलं तर पडेल :

"विषय : शिष्यवृत्ती परीक्षेत पेपर २ मध्ये गैरहजर दाखवल्याबाबत. महोदय, माझी नात, बैठक क्रमांक अमुक, ही अमुक तारखेला अमुक केंद्रावर दोन्ही पेपरना हजर होती. प्रवेशपत्राची प्रत जोडली आहे, त्यावर दोन्ही पेपरसाठी पर्यवेक्षकांच्या सह्या आहेत. पेपर २ ची तिची प्रश्नपत्रिकाही दाखवण्यास तयार आहे. केंद्रावरील स्वाक्षरीपट तपासून निकालात दुरुस्ती करावी, ही विनंती."

पत्राच्या दोन प्रती. एक स्पीड पोस्टाने पुण्याला परिषदेकडे, एक जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे हातोहात. हातोहात देताना तिसरी प्रत जवळ ठेवायची आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. "ठेवून जा" म्हणाले तरी शिक्का घेतल्याशिवाय उठायचं नाही, हे मी आजींना दोनदा सांगितलंय. सोमवारी अकरा वाजता जिल्हा परिषदेच्या पूनम गेटपाशी आम्ही भेटणार आहोत. केंद्रसंचालकांनी स्वाक्षरीपटाची झेरॉक्स द्यायचं कबूल केलंय, ती आणायला त्यांच्या घरी मी उद्या जाते आहे.